खीर-वडे, पान एक जास्त

टक्.

घर इतकं गप्प असतं की एवढासा आवाजही केतकीच्या छातीत जाऊन बसतो. दुपारचे अडीच. मनवा आत्ता कुठे झोपली आहे, एक पाय गादीवर आणि एक आईच्या पोटावर टाकून. चार वर्षांच्या त्या पायाखालून स्वतःला सोडवून घ्यायला केतकीला दहा मिनिटं लागली आहेत. ती श्वास रोखून बघते. मनवा हलत नाही. आवाज डब्याचा आहे. खिडकीतल्या उन्हाने तापलेला पत्रा पंख्याखाली निवतो, तेव्हा झाकण असंच टक् करतं, कुणी आतून बोट लावल्यासारखं.

"गप्प बसा हो आत्या," केतकी डब्याला म्हणते.

डबे तीन आहेत. बिस्किटांचे, जुने, कडेला गंजलेले. शालनआत्यांचे. शालनआत्या म्हणजे केतकीच्या नवऱ्याची, निनादची आत्या. आरोग्य खात्यात सिस्टर होत्या. पस्तीस वर्षं वेंगुर्ल्याच्या आसपासच्या वाड्यांमधून लशींची पेटी खांद्याला अडकवून चालल्या. पोराला सुई टोचायची, आईने दिलेलं खायचं, आणि खाता खाता म्हाताऱ्यांना विचारायचं, तुमचा आजा कोण, पणजा कुठला, आम्हा कोचरेकरांशी नातं कसं लागतं. सांगतील ते लसीकरणाच्या कोऱ्या फॉर्ममागे उतरवायचं, घडी करायची, बँडेजच्या पट्टीने बांधायचं आणि डब्यात टाकायचं. चौदा महिन्यांपूर्वी त्या गेल्या, तेव्हा डब्यांत एकशे चौदा पुड्या निघाल्या.

एकशे चौदा! आणि त्यांच्यावर घातलेली नावं वाचून केतकीने कपाळाला हात लावला होता. 'फणसाची भाजी, मीठ कमी.' 'बांगड्याचं तिखलं, ओसरीवर.' 'धोंडस, दोनदा घेतलं.' 'नुसता चहा.' गाव नाही, माणूस नाही, तारीख तर नाहीच. 'नुसता चहा' मध्ये आचऱ्याच्या शाखेच्या चार पिढ्या सापडल्या, आणि जिच्यावर मोठ्या अक्षरात 'फार महत्त्वाचं' लिहिलं होतं, त्या पुडीत लिंबाच्या लोणच्याचं प्रमाण.

केतकीची स्वतःची पद्धत अशी नाही. तिने वाचलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढून लॅपटॉपवर नाव घातलं आहे: आधी वर्ष, मग शाखा, मग माणूस, मग कागद कसला ते. मनवा झोपली की एक पुडी, मनवा शाळेत गेली की दोन. सहा महिने झाले. ज्यांचा थांग लागला नाही त्या 'अनोळखी १' पासून 'अनोळखी ३७' पर्यंत ओळीने बसल्या आहेत. ज्या वाचायलाच नकोत अशा वाटल्या, वरचं नाव उघड उघड सैपाकाचं होतं, त्या एका कापडी पिशवीत भरून तिने पिशवीवर चिठ्ठी लावली: 'पाककृती. सासूबाईंना देणे.'

आणि आज संध्याकाळी सहाला कोचरेकरांच्या कुलवृत्तांताची फाइल छापखान्यात जाणार आहे.

कुलवृत्तांत म्हणजे साऱ्या घराण्याची वंशावळ, शाखा-उपशाखांसकट. त्याची ही दुसरी आवृत्ती. संपादक माधवकाका, रत्नागिरीला असतात, वय ऐंशी, नियम एकच: पुराव्याशिवाय नोंद नाही. कागद असेल तर कोणता कागद ते लिहा. तोंडी असेल तर कुणी सांगितलं, कुठे, कधी. "कुणीतरी कधीतरी म्हणालं, हा पुरावा नव्हे, ही भुताटकी," असं ते म्हणतात.

तंटा राधाबाईंवरून आहे. राधाबाई म्हणजे मनवाची खापरपणजी, शालनआत्यांची आजी. पहिल्या आवृत्तीत त्यांची नोंद एका ओळीची. पती गोविंद, पहिला मुलगा १९०४ साली, शेवटची मुलगी १९३६ साली. बत्तीस वर्षं! केतकीने फोनवर विचारलं होतं, "काका, एकाच बाईला बत्तीस वर्षं मुलं होत होती?"

"पूर्वीच्या बायका कणखर होत्या हो, सूनबाई."

पण आत्यांनी इस्पितळातून फोन केला होता, जाण्याच्या आठवडाभर आधी. आवाज पार बसलेला. "केतकी, राधा एक नाही गो. दोन आहेत. लिहून ठेवलंय डब्यात. तेवढं छापून घे." आणि केतकी म्हणाली होती, "घेते, आत्या. वचन." आता ते वचन असं गळ्यात येऊन बसलं आहे. डब्यात शोधून शोधून नाकी नऊ आले, दुसरी राधा कुठेही नाही. सकाळी काकांचा निरोप आला: "तुमचं म्हणणं रास्त आहे. पण रास्त म्हणजे पुरावा नव्हे. सहापर्यंत काही आलं तर बघू, नाही तर राधाबाई एकच."

त्याच फाइलमध्ये केतकीने स्वतःलाही शोधून पाहिलं. निनादपुढे लिहिलं होतं: पत्नी सौ. गौतमी.

"ही गौतमी कोण बया?" तिने निनादला विचारलं.

"तूच की. लग्नात ताटात तांदूळ पसरून मी अंगठीने नाव नव्हतं का काढलं? भटजी म्हणाले होते."

"अरे, ते फोटोपुरतं होतं!"

"मग फोटोच लावलाय पुरावा म्हणून. खाली बघ."

खाली खरंच लिहिलं होतं: 'पुरावा: विवाहविधीचे छायाचित्र.' म्हणजे एका ताटातल्या तांदळाला पुरावा आहे, आणि बत्तीस वर्षं बाळंत होणाऱ्या बाईला कुणी काही विचारायला तयार नाही. केतकी चिडून लॅपटॉप मिटते. पाचच मिनिटं, असं म्हणून मनवाशेजारी पाठ टेकते. डोळे मिटायचे नाहीत, एवढं ती स्वतःला बजावते.

पंखा फिरतो. मग पंख्याचा आवाज फिरायला लागतो. हळूहळू तो सुपात तांदूळ पाखडल्यासारखा होतो, सळ्, सळ्, आणि गादीच्या पायथ्याशी कुणीतरी खरंच सूप घेऊन बसलेलं असतं.

खात्याची पांढरी साडी, खांद्याला लशींची पेटी, पायांत चपला. आत्या गेल्या आहेत हे केतकीला पक्कं ठाऊक असतं. त्याचं तिला काही वाटत नाही. राग येतो तो चपलांचा.

"आत्या, चपला! गादीवर?"

"मातीच्या नाहीत गो. बघ, कोऱ्या." आत्या पाय उचलून चपलेचा तळ दाखवतात. "झोपली का पोर?"

"आत्ताच. हळू बोला."

"मी कुठली मोठ्याने बोलायला! आता माझा आवाज माझ्याच कानापर्यंत येत नाही." आत्यांच्या सुपात तांदूळ नाहीत, पुड्या आहेत. त्या एकेक उचलतात, हुंगतात आणि पुन्हा टाकतात. "ही आरवलीची. हीही... छे, हिने नारळ खवट वापरला होता."

"हेच!" केतकी उठून बसते. "हेच, आत्या! सहा महिने माझं डोकं उठलंय. ही काय कागदाला नाव घालायची रीत झाली? 'मीठ कमी' म्हणजे मी काय समजायचं?"

"मीठ कमी होतं."

"पण कुणाकडे? कधी?"

"आता मीठ कमी कोण घालतं? रक्तदाब असलेल्याच्या घरी. तुळस गावच्या सोन्याबापूचा रक्तदाब मीच मोजत होते. त्याच्याकडे मीठ कमी." आत्यांना एवढं उघड दिसतं की त्या केतकीकडे दयेने बघतात. "तुला साधी गोष्ट कळत नाही, आणि म्हणे एमएस्सी."

केतकीला ओरडावंसं वाटतं, पण मनवा झोपलेली असते, म्हणून ती कुजबुजत ओरडते. "मला सहाच्या आत दुसरी राधा पाहिजे! कुठे ठेवलीत ती?"

"चल तर," आत्या उठतात. "बसून का मिळणार आहे?"

त्या पॅसेजमध्ये निघतात. पॅसेजमध्ये मनवाची तीनचाकी आडवी असते, तिला वळसा घालून पुढे जावं तो फरशी संपते आणि तांबडी माती लागते. दोन्ही बाजूंनी हळदीची हिरवीगार पानं. बेसिनचा नळ मात्र होता तिथेच असतो, कुंपणाच्या दगडात बसवल्यासारखा, आणि नेहमीसारखाच गळत असतो.

"हा नळ दुरुस्त करून घे गो."

"आत्या, विषय बदलू नका."

"बदलत नाही. ऐक. तुला तारीख पाहिजे ना? आता मला तारीख कधीच आठवली नाही. नोकरीत रोज तारीख लिहून लिहून तारखांचा वीट आला होता. पण पान वाढलं की मला दिवस कळायचा. पातोळ्या म्हणजे काय?"

"हळदीच्या पानातल्या."

"कृती नाही विचारली. कधी करतात?"

"नागपंचमीला," केतकी म्हणते, आणि चालता चालता थांबते.

"आणि ऋषीची भाजी?"

"ऋषिपंचमीला."

"झालं तर. पान बघून दिवस कळतो, हात बघून घर कळतं. वड्याच्या पिठात बडीशेप कोण घालतं, धोंडसात काजू कोण चोरतं. आणि साल फॉर्मवर छापलेलंच असतं की, तो उलटायचा." आत्या पदराने घाम पुसतात. मेलेल्या माणसाला घाम येतो हे केतकीला त्या क्षणी अगदी बरोबर वाटतं. "सगळं लिहून ठेवलं होतं गो मी. तुलाच वाचता आलं नाही."

केतकीच्या नाकाला काहीतरी लागतं. तळण. पुढे न्हाणीघराचं दार असायला हवं, ती ते ढकलते, आणि आत सैपाकघर असतं. धूर, चुलीवर कढई, आणि खाली एका ओळीत केळीची पानं मांडलेली. एक थोराड बाई वाकून वाढते आहे. काळ्या वाटाण्याचं सांबारं, गवारीची भाजी, तांदळाची खीर, वडे.

"ही मथुआत्या," आत्या कानाशी सांगतात. "माझ्या बाबांची बहीण, गोविंदाची धाकटी लेक. नवऱ्याशी पटलं नाही, ती गावीच राहिली. मी लशी घेऊन आले, तर म्हणाली, आज जेवल्याशिवाय जायचं नाही. पान बघ आणि सांग, दिवस कोणता?"

केतकी पानाकडे बघते. खीर, वडे, काळे वाटाणे. पक्षाचं जेवण. पण ओळीच्या सुरुवातीला शेजारची एक सवाष्ण बसलेली आहे, कपाळाला ठळक कुंकू, ओटीत नारळ.

"अविधवा नवमी," ती म्हणते. नवरा जिवंत असताना ज्या बायका गेल्या त्यांचा पितृपक्षातला दिवस. केतकीच्या आईकडे आजीसाठी करतात.

"आता माणसं मोज."

सवाष्ण, तिची सून, दोन पोरं, एक म्हातारे भटजी, आणि दाराशी पेटी टेकवून बसलेल्या तरुण शालनआत्या, केस काळेभोर. सहा. केतकी पानं मोजते. सात.

मथुआत्या सातव्या पानावर खीर वाढते, आणि पानाला म्हणते, "सावकाश होऊ दे हां, राधाबाय."

"माझ्या आजीला?" दारातली तरुण शालन हसून विचारते. "अगं आत्या, पण आजी तर आजोबांच्या मागून गेली. तिला या दिवशी कसं वाढतेस?"

"ती माझी आई. तुझी आजी नाही ती." मथुआत्या सरळ होते, हातात पळी तशीच. "तुझी आजी ही. तुझ्या बापाला जन्म दिला आणि बाराव्या दिवशी गेली. वर्षभरात माझी आई आली. घरात सगळ्यांच्या जिभेला राधा बसलेलं, म्हणून तांदळात पुन्हा तेच काढलं. आईने जन्मभर हे पान मांडलं. मला म्हणायची, मथू, मी तिच्या नावात राहते, भाडं म्हणून एक पान तरी नको का द्यायला?"

कढईत वडा फुगतो. दारातल्या शालनचा घास हातातच राहतो.

"सदतीस वर्षांची होते मी," केतकीच्या शेजारच्या आत्या म्हणतात. "दुसऱ्याच बाईच्या फोटोला आजी म्हणून हार घालत आले होते. घरी येऊन सांगितलं, तर बाबा उठून गेले. भाऊ म्हणाला, जुनं उकरू नको. म्हणून पुडी बांधली."

केतकीचा राग कुठेतरी विरघळायला लागतो. तरी ती माधवकाकांच्या सुरात विचारते, "हिचं माहेर?"

"परुळे. लिहिलंय."

"आणि माहेरचं नाव? तांदळाच्या आधीचं?"

आत्या पदराशी चाळा करतात.

"आत्या?"

"विचारायचं राहिलं गो."

"राहिलं?" केतकीचा आवाज चढतो, मनवा उठली तर उठली. "वड्यात बडीशेप होती हे लिहिलंत! पान केळीचं होतं हे लिहिलं असेल! आणि ज्या बाईसाठी सगळा खटाटोप, तिचं नाव विचारायचं राहिलं?"

"वडे गरम होते," आत्या म्हणतात. मग हळू आवाजात, "दुसऱ्या वर्षी विचारायला गेले होते. मथुआत्याला ठाऊक नव्हतं. परुळ्याला गेले, तिथे घर बंद. ज्यांना ठाऊक होतं ती सगळी जाऊन बसली."

"मग तुम्ही आता तिथेच आहात ना? विचारा की तिला!"

आत्या सातव्या पानाकडे बघतात. पानावरची खीर थोडी कमी झालेली दिसते, की केतकीला तसं वाटतं. "विचारलं," आत्या म्हणतात. "ती म्हणते, तिलाही आठवत नाही. दहा वर्षांची असताना आली होती इकडे."

धूर डोळ्यांत जातो. मथुआत्याचं सैपाकघर आता केतकीचंच सैपाकघर असतं, ओट्यावर मनवाचा डबा, मिक्सर, आणि मधोमध ती केळीची पानं. आत्या पेटी उघडतात. लशी ठेवायच्या बर्फातून एक पुडी काढतात, तिची बँडेजची पट्टी सोडतात, आणि केतकीचं बोट धरून त्यावर गुंडाळायला लागतात.

"मला काही लागलेलं नाही, आत्या."

"गप. विसरशील म्हणून. शहरातल्या बायका फार विसरतात." पट्टी दाताने फाडून त्या वर गाठ मारतात, दोन फेरे आणि एक उलटा, सुई टोचल्यावर पोरांना मारायच्या तशी. "आणि हे बघ, माधवाला सांग..."

"काय सांगू?"

"त्याच्या आईच्या हातचं खतखतं मी तीनदा जेवले. 'नुसता चहा' त्याच्या बायकोचा."

"आई."

पंखा फिरत असतो. मनवा गादीवर उठून बसली आहे, केस विस्कटलेले, आणि आईच्या हाताकडे बघते आहे. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत.

"आई, तुला सुई दिली?"

केतकी हात वर करते. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर बँडेजची पट्टी आहे. पिवळट, जुनी, घडीवर झिजलेली. वर गाठ, दोन फेरे आणि एक उलटा.

"तू बांधलीस?"

"मी झोपले होते ना," मनवा म्हणते. तिला असल्या मूर्ख प्रश्नांचा राग येतो.

केतकी उठते. फ्रिजवरची कापडी पिशवी खाली ओढते आणि फरशीवर उपडी करते. पाककृती, सासूबाईंना देणे. सगळ्या पुड्या बांधलेल्या आहेत, एक सोडून. त्या एकीची घडी मोकळी आहे, पट्टी नाही. वर आत्यांचं तिरकं अक्षर: 'खीर-वडे, पान एक जास्त.'

सहा महिने ही पुडी फ्रिजवर होती. केतकीनेच ठेवली होती, स्वतःच्या हाताने, 'उपयोग नाही' म्हणून. तिला हसू येतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशीही वाटते. ती कागद उलटते. फॉर्मवर छापलेलं साल १९८३. मागे बारीक अक्षरात दोन बाजू भरून मजकूर, आणि हो, बडीशेपही आहे.

ती मनवाला मांडीवर घेते, कागदाचा फोटो काढते, आणि त्याला नाव घालायला बसते. बोटावरच्या पट्टीमुळे अक्षरं चुकत राहतात. १९८३, मूळ शाखा, राधाबाई पहिली, तोंडी माहिती. मग काकांसाठी लिहिते: सांगणार, मथुरा गोविंद कोचरेकर. ठिकाण, तिचं सैपाकघर. दिवस, अविधवा नवमी. लिहून घेणार, शालन. थोडं थांबून ती फाइलच्या नावाला शेवटी जोडते, 'खीर-वडे, पान एक जास्त.' असू दे. माधवकाकांना काय म्हणायचं ते म्हणोत. आणि गेलाच आहे निरोप तर त्याच्याखाली लिहिते: निनादच्या पत्नीचं नाव केतकी. पुरावा: मी स्वतः.

पाच वाजता उत्तर येतं. "पाहिलं. पुरेसं आहे. राधाबाई दोन केल्या. केतकीही केली. पहिलीचं माहेरचं नाव कळवा, रकाना मोकळा आहे."

"कोण ग ही?" मनवा पडद्यावरच्या मोकळ्या रकान्यावर बोट ठेवते.

"तुझ्या आजोबांच्या बाबांची आई."

"राधा?"

"राधा हे इकडे आल्यावर ठेवलं. तांदळात लिहून. ती तेव्हा लहान होती, तुझ्या शाळेतल्या मोठ्या मुलींएवढी."

मनवा विचार करते. आईच्या बोटावरच्या पट्टीची गाठ ओढून बघते, ती सुटत नाही.

"मग तिकडे," ती विचारते, "जेवायला ये म्हणून तिची आई तिला काय हाक मारायची?"